‘व्हील ऑफ टाइम’ सोबतीने कशी वाचावी: पंचवटीच्या डब्यातली पद्धत

‘व्हील ऑफ टाइम’ ही रॉबर्ट जॉर्डन या अमेरिकी लेखकाची इंग्रजी फॅन्टसी कादंबरीमालिका. तिचे चौदा भाग एकट्याने, सपाट्याने वाचायला घेऊ नका. जमेलही कदाचित, पण या मालिकेतला निम्मा आनंद दोन भागांच्या मधल्या दिवसांत आहे. पुढे काय होईल यावर वाद घालण्यात, मागचं कुणाला किती आठवतंय ते ताडून बघण्यात, आणि आपला अंदाज खरा ठरला की गाडीच्या डब्यात सगळ्यांसमोर वही उघडून दाखवण्यात. हा आनंद कसा मिळवायचा, एवढंच मला सांगायचंय.

मी नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईला नोकरीला जाते. शिक्षण मराठी माध्यमातलं. जाड इंग्रजी कादंबऱ्या वाचायची सवय लागली ती गाडीतच. आमच्या गटात लासलगावला चढणाऱ्या एक ताई आहेत, देवळालीचे एक काका आहेत, निफाडची दोन तरुण मुलं आहेत आणि माझा भाचा आहे. भाचा गाडीला नसतो, तो इंजिनिअरिंगला आहे, पण रविवारी माझ्या घरी हटकून येतो. आमच्यात कुणीही इंग्रजीचा प्राध्यापक नाही. तेव्हा ‘आपल्याला झेपेल का’ ही शंका आधी बाजूला ठेवा.

काय वाचायला घेतोय

रॉबर्ट जॉर्डन हे टोपणनाव. खरं नाव जेम्स ऑलिव्हर रिग्नी, जन्म १९४८, गाव अमेरिकेतलं चार्ल्स्टन. व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरवर गनर, मग पदार्थविज्ञानाचं शिक्षण, मग अमेरिकी नौदलासाठी अणुअभियंता. पहिला भाग, ‘द आय ऑफ द वर्ल्ड’, १९९० मध्ये आला. अकरावा भाग २००५ मध्ये आला आणि सप्टेंबर २००७ मध्ये जॉर्डन गेले, मालिका अपुरी ठेवून. पण शेवट कसा होणार हे त्यांनी टिपणांत आणि ध्वनिमुद्रणांत सांगून ठेवलं होतं, शेवटाचा काही मजकूर स्वतः लिहूनही ठेवला होता. त्यांची पत्नी हॅरिएट मॅकडूगल हीच त्यांची संपादक. तिने ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाला निवडलं. तो शाळकरी वयापासून या मालिकेचा वाचक होता. त्याने उरलेलं काम तीन भागांत पुरं केलं आणि चौदावा भाग, ‘अ मेमरी ऑफ लाइट’, जानेवारी २०१३ मध्ये आला.

म्हणजे ज्यांनी पहिल्या वर्षी सुरुवात केली त्यांना शेवट मिळाला तेवीस वर्षांनी. मधल्या काळात आपल्या नाशिकात १९९१ चा आणि २००३ चा असे दोन सिंहस्थ होऊन गेले. या वाचकांनी वाट बघता बघता काय काय केलं ते मी पुढे सांगणार आहे, कारण आपली पद्धत त्यांच्याकडूनच उचललेली आहे. आपल्याला एक सोय मात्र जास्त आहे: सगळे भाग हजर आहेत. वाट बघायची की नाही हे आपल्या हातात आहे. माझं म्हणणं, थोडी बघावी.

मालिकेत एकूण ४४ लाखांच्या आसपास शब्द आहेत. हा आकडा ऐकून घाबरू नका. रोज पंधरा पानं वाचली तर एक भाग साधारण दोन महिन्यांत होतो. मला एका पानाला तीन मिनिटं लागतात. नाशिकरोडहून निघून इगतपुरी येईपर्यंत पंधरा पानं होतात. पुढे घाटात मी पुस्तक मिटते, डबा खाते, शेजारी मटार सोलत असतील तर हात लावते. रोजची पानं तेवढीच ठेवायची. ज्याला जास्त वाचता येतं त्यानेही थांबायचं. गटाची गती सगळ्यात सावकाश वाचणाऱ्याच्या गतीने ठरते, आणि हा नियम मोडला की गट मोडतो.

ऋतू जुळवून वाचा

ही आमची खास पद्धत आहे आणि मला तिचा फार अभिमान आहे.

पहिला भाग रंगपंचमीला सुरू करा. कथेतलं खेडं आहे एमंड्स फील्ड. तिथे हिवाळा रेंगाळलाय, लांडगे गावाजवळ येतायत, आणि तशातही लोक बेल टाइन या वसंतोत्सवाची तयारी करतायत: होळी पेटवायची, खांबाभोवती नाचायचं, बाहेरगावचा गाणारा गोष्टीवेल्हाळ माणूस येणार म्हणून पोरं हरखलीयत. जुन्या नाशकात रहाडी उघडायची लगबग चालू असते तेव्हा हे वाचावं. वर्षभर मातीखाली झाकून ठेवलेला हौद त्या एका दिवसासाठी उघडणारं गाव ज्याने पाहिलंय, त्याला एमंड्स फील्डमधल्या म्हाताऱ्यांचा सणाबद्दलचा हट्ट समजावून सांगावा लागत नाही.

तिथून दोन महिन्यांना एक भाग. पाचवा भाग डिसेंबरअखेर संपतो. जानेवारी सुट्टीचा. आता पुढचं बघा: सहाव्या आणि सातव्या भागात, ‘लॉर्ड ऑफ केऑस’ आणि ‘अ क्राउन ऑफ स्वोर्ड्स’मध्ये, जगावर एक न संपणारा उन्हाळा पडलाय. विहिरी आटतायत, शरद ऋतू उलटला तरी ऊन हटत नाही, आणि हे नैसर्गिक नाही हे सगळ्यांना कळतंय. हे दोन भाग फेब्रुवारी ते मे या काळात येतात. मे महिन्यात दुपारच्या गाडीने परतताना, खिडकीचा गज हाताला चटका देत असताना, सातवा भाग वाचून बघा. आठवा भाग, ‘द पाथ ऑफ डॅगर्स’, जूनमध्ये उघडायचा. त्याच्या सुरुवातीला हवामानाचं काय होतं ते सांगत नाही. पण तो मृगाच्या आसपास वाचला तर तुम्ही मला दुवा द्याल.

पुढे नववा ऑगस्ट-सप्टेंबरात, दहावा दिवाळीच्या आगेमागे. मग डिसेंबरात ‘न्यू स्प्रिंग’, ही मूळ कथेच्या वीस वर्षं आधीची छोटी कादंबरी. ती बर्फाळ रात्री, लढाईच्या छावणीत सुरू होते आणि निफाडचा पारा तेव्हा खाली उतरलेला असतो. पुष्कळ जण हे पुस्तक कालक्रमाने आधीचं म्हणून सगळ्यात आधी वाचायला सांगतात. तसं करू नका. ते २००४ मध्ये, दहाव्या भागानंतर आलं आणि तिथेच त्याची जागा आहे. म्वारेन ही बाई पहिल्या भागात दारात उभी राहते तेव्हा ती भली की बुरी हे वाचकाला कळता कामा नये. आधी ‘न्यू स्प्रिंग’ वाचलं की हा संशय वाया जातो. उलट नऊ-दहा भाग तिला ओळखल्यावर तिचं तरुणपण वाचताना डोळे भरून येतात. आमच्या काकांचे आले होते.

उरलेले चार भाग पुढच्या ऑगस्टपर्यंत होतात. म्हणजे सारा मिळून सुमारे अडीच वर्षांचा बेत.

पुस्तकं आणि नावं

सगळा संच एकदम घेऊ नका. तीन-तीन भाग घ्या, दोन प्रती गटात फिरवा. नाशिककरांना हे नवीन नाही. पुस्तकांची पेटी वाचकांच्या दारी पाठवणारी कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजना इथूनच सुरू झालेली आहे. प्रती वेगवेगळ्या आवृत्तीच्या असल्या तर पान क्रमांक जुळत नाहीत, म्हणून ‘आज कुठपर्यंत’ हे नेहमी प्रकरणाच्या क्रमांकाने ठरवा. नऊशे पानांच्या पेपरबॅकची पाठ मोडते. नवीन प्रत हातात आली की मधोमध उघडून दाबू नका. पुढून पन्नास, मागून पन्नास अशी पानं हलक्या हाताने उलगडत आत या, आणि वर खाकी कव्हर घाला. पावसाळ्यात पिशवीत प्लास्टिकची थैली हवीच.

प्रत्येक भागाच्या मागे शब्दसूची आहे, त्यात उच्चारही दिलेले आहेत. पहिल्याच रविवारी सगळ्यांनी मिळून मुख्य नावं देवनागरीत वहीच्या पहिल्या पानावर लिहून काढा: एग्वेन, नाय्नीव्ह, म्वारेन, आइझ सेडाय (हा जादू जाणणाऱ्या बायकांचा पंथ), स्वान सान्चे. एकदा देवनागरीत उतरलं की अडखळणं संपतं आणि गाडीत मोठ्याने बोलता येतं. नावं पुष्कळ आहेत, अडीच हजारांहून जास्त पात्रं आहेत, आणि एकाच माणसाला वेगवेगळे लोक वेगवेगळ्या नावाने हाक मारतात. पण अर्जुनाला पार्थ, धनंजय, सव्यसाची म्हणत वाढलेल्या वाचकाला याची धास्ती वाटायचं कारण नाही. सगळी पात्रं लक्षात ठेवायची नसतातच. पाच जण धरा: रँड, मॅट, पेरिन, एग्वेन, नाय्नीव्ह. हे एकाच गावचे. बाकीचे यांच्याभोवती आपोआप लागतात.

शब्दकोशाबद्दल एकच सांगते. अनोळखी शब्द पहिल्यांदा आला की पुढे चला. तिसऱ्यांदा आला की पेन्सिलीने खूण करा आणि संध्याकाळी अर्थ बघा. जॉर्डनचे आवडते शब्द ठरलेले आहेत, पहिल्या भागात ते ओळखीचे झाले की बाकीचे तेरा सोपे जातात.

नकाशाची झेरॉक्स मोठी करून वहीत चिकटवा. रोजचा प्रवास पेन्सिलीने काढा.

अंदाजवही

आता मुख्य गोष्ट. प्रत्येकाने एक दोनशे पानी वही करायची. उजव्या पानावर काय घडलं ते चार ओळींत, डाव्या पानावर आपला अंदाज, तारखेसह. अंदाज शाईने लिहायचा आणि नंतर खोडायचा नाही.

जॉर्डनने ही मालिका अंदाज बांधणाऱ्यांसाठीच लिहिली असावी इतकी ती भाकितांनी भरलेली आहे. मिन नावाची एक मुलगी आहे. तिला माणसांभोवती चित्रं दिसतात आणि ती खरी ठरतात, पण त्यांचा अर्थ तिला दर वेळी कळतोच असं नाही. पहिल्या भागात बेअरलॉन गावच्या खानावळीत ती रँडला एका दमात कितीतरी चित्रं सांगते. वाचताना ती गंमतशीर यादी वाटते. ती यादी जशीच्या तशी उतरवून घ्या. त्यातलं एखादं चित्र दुसऱ्या-तिसऱ्या भागात उलगडतं आणि एखाद्याला थेट चौदावा भाग लागतो. एग्वेनची स्वप्नंही तशीच लिहून ठेवा. ताईंनी त्यासाठी वहीला वेगळा रंगीत कागद लावलाय आणि त्या कागदावरून आमच्यात जेवढे वाद झाले तेवढे निवडणुकीवरूनही झाले नसतील.

प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर एक छोटं चित्र असतं. लांडगा असला की पेरिन, फासे असले की मॅट, असे संकेत हळूहळू लक्षात येतात. प्रकरण वाचण्याआधी फक्त चित्र बघायचं आणि एका वाक्यात अंदाज लिहायचा. हा खेळ मुलांना फार आवडतो.

पाचव्या भागाच्या शेवटी एक खून होतो. दार उघडतं, मरणारा माणूस मारेकऱ्याला ओळखतो, आणि लेखक नाव सांगत नाही. हा भाग १९९३ मध्ये आला. जगभरच्या वाचकांनी त्या खुन्यावर वर्षानुवर्षं चर्चा केली, प्रत्येक संशयिताच्या बाजूने आणि विरुद्ध पुरावे मांडले, प्रकरणं तासतास तपासली. उत्तर छापून आलं २०१० मध्ये, तेराव्या भागात, आणि तेही मागच्या शब्दसूचीत! म्हणून दोन कडक नियम. पाचवा भाग संपला की गटातल्या प्रत्येकाने आपला संशयित आणि त्याची तीन कारणं वहीत लिहून सही करायची. आणि तेराव्या भागाची शब्दसूची भाग संपेपर्यंत स्टेपलरने बंद ठेवायची.

रहस्य फुटू नये यासाठी मोबाइलवर कुठल्याही पात्राचं नाव शोधू नका. अर्धं नाव टाइप केलं की खाली पुढचे शब्द आपोआप येतात आणि त्यातच कोण मेलं ते असतं. गटाचं व्हॉट्सअॅप भागवार वेगळं ठेवा, ‘भाग ४’, ‘भाग ५’ असं, आणि तो भाग पुरा झालेल्यालाच त्यात घ्या.

कुठे थांबून वाचायचं

चौथा भाग, ‘द शॅडो रायझिंग’, माझ्या मते मालिकेतला सर्वांत उत्तम. त्यातली पंचविसावं आणि सव्विसावं ही दोन प्रकरणं वेगळ्या तऱ्हेने वाचायला हवीत. एका ओसाड शहरात, काचेच्या खांबांच्या रानातून एक माणूस चालत जातो आणि प्रत्येक पावलाला त्याला आपल्या एका पूर्वजाच्या डोळ्यांतून दिसतं. पण क्रम उलटा आहे. आधी आजोबा-पणजोबांच्या जवळचा काळ, मग त्याच्या आधीचा, मग त्याच्याही आधीचा. एका अख्ख्या लोकसमूहाचा इतिहास शेवटाकडून सुरुवातीकडे उलगडत जातो, आणि आज ज्या चालीरीती ते प्राणपणाने जपतात त्या मुळात कशातून आल्या हे कळतं तेव्हा अंगावर काटा येतो.

ही दोन प्रकरणं एकदा सरळ वाचा. मग एका रविवारी सगळे एकत्र बसा आणि दृश्यं उलट्या क्रमाने, शेवटचं आधी, अशी मोठ्याने वाचा. प्रत्येकाने एक दृश्य घ्यायचं. आता इतिहास सरळ वाहतो. कुठल्या पिढीत कोणता शब्द बदलला, कोणतं वचन कसं झिजलं, कोणती वस्तू कशासाठी वाहून आणली आणि पुढे कारणच कसं विसरलं गेलं, हे दिसतं. आम्ही हे वाचन नाशिकच्या उपनगर भागात माझ्या घरी केलं. वाचून झाल्यावर निफाडच्या मुलांपैकी एक जण म्हणाला, “काकू, आमच्या भावकीतही अशा गोष्टी आहेत. का करतात ते कुणालाच माहीत नाही.” त्या संध्याकाळी चर्चा पुस्तकावरून घराघरांतल्या कुळाचारांवर गेली आणि रात्रीपर्यंत थांबली नाही. जॉर्डनची ताकद इथे आहे. त्याने जादूची लढाई लिहिली खरी, पण खरा विषय आहे माणसं काय विसरतात आणि विसरूनही काय जपतात.

प्रत्येक मुख्य भागाचं पहिलं प्रकरण एकाच परिच्छेदाने सुरू होतं: चाक फिरतं, युगं येतात आणि जातात, आठवणीच्या दंतकथा होतात, आणि मग कुठेतरी एक वारा उठतो. दर वेळी वारा उठण्याची जागा तेवढी बदलते. हा परिच्छेद गटाने मिळून म्हणायचा, पाठच करायचा. सातव्या भागापर्यंत आम्हा सगळ्यांना तो येत होता. युगं फिरून येतात ही कल्पना जॉर्डनने आपल्या पुराणांतूनही घेतलेली आहे, त्यामुळे ती आपल्याला परकी लागत नाही.

आणि कपड्यांची वर्णनं गाळू नका. इंग्रजी वाचकसुद्धा यावर वैतागतात: इतक्या बाह्या, इतकी नक्षी, इतके रंग कशाला? ताईंचं माहेर येवल्याचं, घरात पैठणीचे माग. त्यांनी आम्हाला हे वाचायला शिकवलं. काठ आणि पदर बघून त्या साडीची किंमत आणि जात सांगतात, तसं इथे कपडा बघून माणूस ओळखता येतो. कायरिएन देशातल्या सरदारांच्या गडद कपड्यावर छातीपासून खाली किती रंगीत पट्टे आहेत त्यावरून त्याचा हुद्दा कळतो. आइझ सेडाय बायकांच्या शालीच्या झालरीचा रंग सांगतो ती सातांपैकी कोणत्या गटाची. एबू डार शहरातल्या लग्न झालेल्या बायका गळ्यात लग्नाचा सुरा घालतात, आणि त्याच्या मुठीतल्या खड्यांवरून मुलं किती ते समजतं. लेखक कुणाचं नाव सांगण्याआधी कपडे सांगतो. नीट वाचलं तर खोलीत कोण शिरलंय हे त्या पात्राच्या आधी आपल्याला कळतं.

मंद भाग कसे पार करायचे

आठव्यापासून दहाव्यापर्यंत गती मंदावते हे खरं आहे, आणि दहावा, ‘क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट’, सर्वांत मंद. नवव्याच्या शेवटी एक प्रचंड घटना घडते आणि दहाव्यात बराच वेळ वेगवेगळ्या ठिकाणची माणसं त्याच दिवशी काय करत होती एवढंच येतं. २००० नंतर थेट २००३ मध्ये हे हाती पडलेल्या वाचकांची काय निराशा झाली असेल! आपल्याला तेवढी व्हायचं कारण नाही, पुढचा भाग कपाटात आहे.

इथे वाटणी करा. एकाने पेरिनचा लांबलेला शोध घ्यायचा, एकाने एलेन या राजकन्येचा सिंहासनासाठीचा खटाटोप, एकाने मॅट, एकाने एग्वेन. आपल्या वाट्याची प्रकरणं नीट वाचायची, बाकीची भरभर, आणि रविवारी ज्याने त्याने आपला धागा इतरांना तोंडी सांगायचा. सांगण्याची तयारी करताना वाचन आपोआप खोल होतं.

सांगण्यावरून आठवलं, घरात इंग्रजी न वाचणारं माणूस असेल तर त्यांना मराठीत आख्यान लावा. माझ्या सासूबाईंना मी पोळ्या करताना रोज थोडं सांगत आले. त्यांना लढायांत रस नाही. त्यांना नाय्नीव्ह आवडते, राग आला की स्वतःची वेणी ओढणारी. त्या गावात मुलगी जाणती झाली असं बायकांच्या मंडळाने ठरवल्यावरच तिला वेणी घालता येते, हे सांगितल्यावर तर त्या म्हणाल्या, “मग ती ओढणारच गं, मानाची आहे.” कित्येक वाचक वेणीच्या उल्लेखांना कंटाळतात, सासूबाईंनी एका वाक्यात त्याचं कारण दिलं. दुसऱ्याला सांगितल्याशिवाय अशा गोष्टी हाती लागत नाहीत.

ऐकायचं असेल तर केट रीडिंग आणि मायकेल क्रेमर या पतिपत्नीने केलेलं वाचन घ्या. बाईच्या नजरेतलं प्रकरण ती वाचते, पुरुषाच्या नजरेतलं तो. फाइल आधीच उतरवून ठेवा, कसारा घाटातल्या बोगद्यांत नेटवर्क जातं. मंद भागांसाठी ऐकणं फार उपयोगी, पण पहिले पाच भाग डोळ्यांनीच वाचावेत असं माझं ठाम मत आहे.

प्राइम व्हिडिओवरची मालिका २०२१ मध्ये आली आणि तीन हंगामांनंतर २०२५ मध्ये थांबली. त्यात कथेत बरेच बदल आहेत. निदान पाच भाग वाचून झाल्यावर बघा, म्हणजे एमंड्स फील्ड आधी आपल्या मनातलं असेल.

शेवटचे तीन भाग

बाराव्यापासून लेखक बदलतो आणि ते जाणवतं. वाक्यं आखूड होतात, घटना धावू लागतात, वर्णनं कमी होतात. मॅटचं विनोदी बोलणं बाराव्यात मला खटकलं. तेराव्यात ते बरंच सावरलंय. पण सँडरसनने एग्वेनला जो न्याय दिलाय तो वाचून मी त्याची कायमची ऋणी आहे. बारावा सुरू करण्याआधी गटाने एक रविवार जॉर्डनसाठी ठेवावा. अकराव्या भागातली आपली आवडती चार पानं प्रत्येकाने वाचायची. आजारी असतानाही तो शेवट कुणाला तरी सांगून ठेवत होता, हे मनात धरून पुढे गेलं की लेखकबदलाची तक्रार मावळते.

तेरावा उघडण्याआधी मुलांना ‘साप आणि कोल्हे’ हा कथेतला खेळ करून द्या. पुठ्ठ्यावर जाळ्यासारख्या रेषा, मध्यभागी खेळाडूंच्या सोंगट्या, कडेला नागमोडी खुणेचे साप आणि त्रिकोणी खुणेचे कोल्हे, आणि फासे. मधून कडेपर्यंत जाऊन पकडलं न जाता परत यायचं. नियम पाळून हा खेळ जिंकता येत नाही, ही त्यातली मेख. दोन-तीन डाव खेळलेले असले की तेराव्यातला एक प्रसंग हाताच्या तळव्याला घाम फोडतो.

चौदाव्या भागात ‘शेवटची लढाई’ नावाचं एकच प्रकरण आहे, सदतिसावं, शंभराहून कितीतरी जास्त पानांचं. पंधरा पानांचा नियम इथे सोडा. सलग सुट्टी बघा, स्वातंत्र्यदिनाला जोडून मिळाली तर उत्तम, आणि सगळ्यांनी एका घरी बसून ते एका बैठकीत वाचा. मध्ये जेवायला उठलात तरी बोलायचं नाही. परतीच्या गाडीत तर ते मुळीच उघडू नका. नाशिकरोड कधी गेलं ते कळत नाही आणि मनमाडहून रात्री परत यावं लागतं.

संपल्यावर लगेच दुसरी मालिका धरू नका. महिनाभराने अंदाजवह्या घेऊन बसा आणि पहिल्या भागाचं सुरुवातीचं छोटं प्रकरण पुन्हा वाचा. उद्ध्वस्त महालात एक वेडा माणूस आपल्या बायकोला हाका मारत फिरतोय, ते. पहिल्यांदा वाचताना त्यातलं एकही नाव ओळखीचं नसतं. आता प्रत्येक ओळीत कुणाचं ना कुणाचं पुढचं आयुष्य आहे. मग बेअरलॉनच्या खानावळीत या आणि मिनच्या यादीतली चित्रं एकेक करून टिकमार्क करा. आमच्या यादीत दोन चित्रांचा अर्थ अजून सगळ्यांना पटलेला नाही. त्यावर काकांनी आपली बाजू चार पानांत लिहून आणलीय आणि ताई येत्या रविवारी उत्तर देणार आहेत.